गर्भगळित : एका शब्दाचा अर्थ आणि उपयोग

(इयत्ता चौथी ते सातवीस मराठी शिकविणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींसाठी)

सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना, अथवा शाळाभेटीच्या वेळी मुलांच्या निबंधवह्या चाळताना, एक गोष्ट वारंवार नजरेस येते. मुलांना वाक्प्रचार पुष्कळ पाठ असतात. परंतु कोणता वाक्प्रचार कोठे शोभतो याची जाण त्यांस क्वचितच असते. "मांजर आडवे गेले आणि मी गर्भगळित झालो", "गृहपाठ राहिला म्हणून तो गर्भगळित झाला", "आभाळ भरून आलेले पाहून आई गर्भगळित झाली" अशी वाक्ये ज्याच्या हाताखालून गेली नाहीत असा मराठीचा शिक्षक आपल्यांत विरळाच असेल. मुलाने शब्द योजिला आहे, वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, तेव्हा आपणही बरोबरची खूण करून पुढची वही ओढतो. मार्गदर्शिकेत "गर्भगळित होणे : खूप घाबरणे" एवढेच दिलेले असते, मग मुलाचे चुकले तरी काय, असे कोणी विचारील. मुलाचे काही चुकले नाही हे खरेच आहे. चूक आहे ती "खूप घाबरणे" या दोन शब्दांत सारे आटोपण्याची. मराठीत खूप घाबरण्याचे वीस-पंचवीस प्रकार आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी नीट बसत नाहीत. यास्तव त्यांपैकी एकच शब्द घेऊन त्याचा थोडा सावकाश विचार करावा, अशी या लेखामागील कल्पना आहे.

गर्भगळित हा शब्द दोन पदांचा झालेला आहे. गर्भ हे पद सर्वांच्या परिचयाचे आहे. गळित हे संस्कृतातील "गलित" या शब्दाचे मराठी रूप होय. गल् या धातूचा अर्थ गळणे, ठिबकणे, धरून ठेवलेले निसटून खाली पडणे असा आहे. मराठीत आल्यावर लकाराचा ळकार झाला आणि या धातूचे कुटुंब चांगलेच विस्तारले. पिकले पान गळते, जुने छप्पर गळते, मोहोर गळतो. साखर कारखान्याचा गळीत हंगाम, उसाचे गाळप, तेलबियांना म्हणावयाची गळिताची धान्ये, नळाची गळती, चहाची गाळणी आणि विहिरीतील गाळ ही सारी त्याच घरची मंडळी आहेत. वर्गात हा शब्द शिकविताना प्रथम या कुटुंबाची ओळख करून द्यावी, असा माझा अनुभव आहे. कारण ज्या मुलाच्या घरी ऊस आहे त्यास गळीत हा शब्द परका नसतो, परका असतो तो पुस्तकातील गर्भगळित.

तेव्हा शब्दशः पाहता गर्भगळित म्हणजे जिचा गर्भ गळाला आहे अशी स्त्री. समास बहुव्रीहि. संस्कृतच्या रीतीप्रमाणे गलित हे पद आधी यावयास हवे होते, जसे गलितगात्र म्हणजे ज्याची गात्रे गळाली आहेत असा. परंतु मराठीस नाम आधी आणि त्याची अवस्था मागाहून सांगण्याची सवय आहे. कानतुटका कप, पायमोडका पाट असे आपण म्हणतोच. त्याच वळणावर हा शब्द गेलेला दिसतो.

अशा शब्दाचा भीतीशी संबंध कसा आला हे समजण्यासाठी जुनी समजूत पाहावी लागते. अकस्मात मोठे भय उत्पन्न झाले असता गर्भवती स्त्रीचा गर्भ पडतो, अशी समजूत आपल्या देशात फार प्राचीन आहे. आयुर्वेदात चौथ्या महिन्यापर्यंतच्या पतनास गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्या महिन्यातील पतनास गर्भपात असा भेद केलेला आहे, आणि माधवनिदान या प्रसिद्ध ग्रंथात गर्भ पडण्याच्या कारणांमध्ये भयाचाही उल्लेख येतो. काव्य-पुराणांनी ही समजूत आणखी दृढ केली. एखाद्या वीराची गर्जना किती भयंकर होती हे सांगावयाचे, तर ती ऐकून शत्रुस्त्रियांचे गर्भ गळाले असे वर्णन करावयाचे, हा कवींचा ठरलेला संकेत होता. तुलसीदासांच्या रामचरितमानसात, लंका जाळून परतताना हनुमानाने केलेल्या गर्जनेचे वर्णन याच प्रकारचे आहे. म्हणजे आरंभी हा शब्द गर्जना, मेघांचा गडगडाट, धनुष्याचा टणत्कार यांसारख्या प्रचंड आणि अवचित कारणांशी जोडलेला होता. मांजर आडवे जाण्याशी नव्हे.

येथे थोडे विषयांतर करणे मला आवश्यक वाटते. शब्दामागील समजूत निराळी आणि वैद्यकीय सत्य निराळे. गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत जे गर्भपात होतात, त्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये गर्भाच्याच गुणसूत्रांत दोष असल्याचे आढळते. आईने काय पाहिले, ती कशास भ्याली, याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. असे असूनही आपल्या खेड्यांतून, आणि शहरांतूनही, "ती घाबरली म्हणून गेले", "रात्री त्या वाटेने गेली म्हणून पडले" असे बोलून ज्या बाईचे दुःख आधीच मोठे आहे तिच्यावर दोषाचेही ओझे टाकले जाते. शिक्षकाने शब्दाची व्युत्पत्ती सांगताना, विशेषतः मातापालक सभेत अथवा वरच्या वर्गांत हा विषय निघालाच तर, "पूर्वी लोक असे समजत" एवढे वाक्य जोडण्यास विसरू नये. शब्द ठेवावा, समजूत ठेवण्याचे कारण नाही.

आता कोणी शंका काढील की, शब्दाचा मूळ अर्थ जर असा आहे, तर "सैनिक गर्भगळित झाले", "दरोडेखोर गर्भगळित झाला" असे पुरुषांविषयी कसे म्हणता येईल? सातवीच्या एका मुलाने मला हा प्रश्न भर वर्गात विचारला होता आणि वर्ग हसला होता. प्रश्न मात्र हसण्यासारखा नव्हता. शब्द वापरून वापरून त्याचा मूळ अर्थ झिजतो आणि केवळ रूढ अर्थ उरतो. शाई हा शब्द काळा या अर्थाच्या फारसी शब्दापासून आला. तरी आपण लाल शाईने वह्या तपासतो आणि त्यात कोणास विसंगती वाटत नाही. तेल म्हणजे तिळाचे, पण आज शेंगदाण्याचे, करडईचे आणि खोबऱ्याचेही तेलच. कुशल म्हणजे मुळात हाताला इजा न होऊ देता कुश नावाचे धारदार गवत तोडून आणणारा, असे साहित्यशास्त्रकार सांगतात. आज कुशल शस्त्रवैद्याने कुश पाहिलेही नसते. लाल शाई चालते तर गर्भगळित सैनिक का चालू नये? मुलाला हे उत्तर पटले. इतकेच नव्हे, तर पुढील आठवडाभर तो असे झिजलेले शब्द शोधून आणीत होता.

चौथी-पाचवीच्या मुलांना शब्दशः अर्थ सांगावा किंवा नाही, याविषयी शिक्षकांत मतभेद आहेत. माझे मत असे की, या वयात "अंगातले सारे बळ गळून पडावे अशी भीती वाटणे" एवढा अर्थ पुरेसा आहे. तो खोटा नाही. गळणे त्यात आहेच. सहावी-सातवीत मूळ अर्थ सांगण्यास हरकत नाही, मात्र तो साधेपणाने, आवाज न बदलता सांगावा. शिक्षकच संकोचला की मुले संकोचतात. शेळी-म्हशीचे गाभण राहणे आणि गाभ टाकणे ही गोष्ट शेतकऱ्याच्या मुलांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

उपयोगाकडे वळू. हा शब्द विशेषण असला तरी तो नामाच्या आधी एकटा फारसा येत नाही. "गर्भगळित राजा" असे आपण सहसा लिहीत नाही. "राजा गर्भगळित झाला" असे लिहितो. होणे किंवा करणे ही क्रियापदे त्यास सोबतीला लागतात. लिंग-वचनाप्रमाणे त्याचे रूप बदलत नाही: तो गर्भगळित झाला, ती गर्भगळित झाली, ते सारे गर्भगळित झाले. हा व्याकरणाचा भाग मुले चटकन उचलतात, त्यावर अधिक वेळ घालविण्याचे कारण नाही.

अवघड आहे तो अर्थाच्या मर्यादेचा भाग. या शब्दास कमी-अधिक माप चालत नाही. "थोडासा गर्भगळित" हे "थोडेसे बुडून मेला" म्हणण्यासारखे आहे. दुसरे असे की, ही भीती अकस्मात आलेली असते. परीक्षेच्या काळजीने महिनाभर कोणी गर्भगळित राहत नाही. त्यासाठी धास्ती हा शब्द आहे. सावकाराच्या तगाद्याने शेतकरी गर्भगळित होत नाही, तो धसका घेतो. आणि धसका हा कधी कधी माणसाच्या जन्माला पुरतो. तिसरे, भीतीचे कारण त्या माणसाहून फार मोठे, अनावर असे असावे लागते. शाहिस्तेखानाच्या बाबतीत हा शब्द शोभतो: ५ एप्रिल १६६३ च्या रात्री, भोवती प्रचंड फौजेचा वेढा असताना, लाल महालातील आपल्या निजण्याच्या जागेपर्यंत शिवाजी महाराज येऊन पोहोचले हे त्यास कळले तो क्षण गर्भगळित होण्याचाच होता. बोटांवर निभावले, आणि थोड्याच दिवसांत त्याने पुणे सोडले.

विनोदात मात्र या साऱ्या मर्यादा मुद्दाम ओलांडता येतात. पाचफुटी पहिलवान झुरळ पाहून गर्भगळित झाला असे लिहिले तर हसू येते, आणि ते शब्दाचे माप ठाऊक असल्यामुळेच येते. मुलाने जाणून असे लिहिले असेल तर त्यास शाबासकी द्यावी. जाणून की नकळत, हे ओळखणे कठीण नाही. वही वाचून कळले नाही तर मुलाला विचारावे.

या शब्दाचा आणखी एक विशेष बराच काळ माझ्या ध्यानात आला नव्हता. गर्भगळित हा बहुधा पाहणाऱ्याचा शब्द आहे, भोगणाऱ्याचा नव्हे. बखरकार शत्रूविषयी तो वापरतो, कथाकार पात्राविषयी वापरतो. ज्याच्यावर तसा प्रसंग खरोखर गुदरला तो स्वतःविषयी बोलताना क्वचितच म्हणतो की, मी गर्भगळित झालो. आणि म्हणालाच तर पुष्कळ वर्षांनी, हसत हसत म्हणतो. इतिहासाच्या गोष्टींतूनही पाहा: गर्भगळित होतो तो नेहमी शत्रू. आपल्या बाजूचा मावळा कधी भ्याल्याचे सांगितले जात नाही. त्यामुळे भिणे ही परक्याची, पराभूताची गोष्ट आहे असे मुलाच्या मनात न कळत बसते, आणि मग त्यास स्वतःला भीती वाटली तर ती सांगावी कोणत्या शब्दांत हे त्याला उमजत नाही. याविषयीचा एक प्रसंग पुढे सांगणार आहे.

तत्पूर्वी भीतीच्या इतर शब्दांकडे एकवार पाहणे बरे. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी भयानक रसाचा स्थायीभाव भय हा सांगितला आहे. त्याच ग्रंथात आठ सात्त्विक भाव येतात: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. हे आठही केवळ भयाचे नव्हेत, आनंदातही त्यांतील काही दिसतात. परंतु आपल्या निरक्षर आजीच्या बोलण्यातील भीतीचे वाक्प्रचार या यादीशेजारी ठेवले तर आश्चर्य वाटते. स्तंभ म्हणजे जागच्या जागी थिजणे. स्वेद म्हणजे दरदरून घाम फुटणे. रोमांच म्हणजे अंगावर काटा उभा राहणे. स्वरभंग म्हणजे बोबडी वळणे, वेपथु म्हणजे लटलट कापणे, वैवर्ण्य म्हणजे पांढराफटक पडणे, आणि प्रलय म्हणजे शुद्ध हरपणे. शास्त्रकाराने रंगभूमीवरील नटासाठी जे टिपले तेच लोकांनी शेताच्या बांधावर टिपले होते.

आधुनिक शरीरशास्त्राने या निरीक्षणांची कारणे दिली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, भय आणि क्रोध यांच्या वेळी शरीरात होणाऱ्या बदलांचे विवेचन केले. संकट दिसताच मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात मिसळते आणि सारे शरीर लढण्यासाठी अथवा पळण्यासाठी सज्ज होते. हृदय जोराने चालते, म्हणून छातीत धडधडते. त्वचेकडील रक्त स्नायूंकडे वळते, म्हणून चेहरा पांढरा पडतो. या धांदलीत अन्नपचनाचे काम मागे पडते आणि लाळ आटते, म्हणून तोंडचे पाणी पळते. केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आखडतात, म्हणून काटा येतो. चिडलेले मांजर फुगून मोठे दिसते तेही याच कारणाने. पोटात गोळा येतो तोही पचनसंस्थेत अकस्मात होणाऱ्या फेरफाराचाच परिणाम. विज्ञानाच्या तासाला हा भाग आणि मराठीच्या तासाला हे वाक्प्रचार, अशी जोडणी ज्या शाळेत एकाच शिक्षकाकडे सारे विषय आहेत तेथे सहज साधेल. एकशिक्षकी शाळेचे हे एक सुख आहे, फारशी सुखे नसली तरी.

याखेरीज काही शब्द जनावरांकडून आलेले आहेत. बैल बुजतो, घोडा बुजतो. नवख्या घरी आलेले लहान मूलही बुजते. हत्ती बिथरतो आणि जमावही बिथरतो. सशाचे पिलू भेदरते. दहशत हा शब्द अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला; आपली धास्तीही त्याच घराण्यातील आहे असे कोशकार मानतात. दहशत मात्र नेहमी कोणीतरी दुसऱ्यावर बसवितो. ती आपोआप वाटत नाही. धाकही तसाच, पण धाकात आदराचा अंश असू शकतो, दहशतीत नसतो.

"पाचावर धारण बसणे" हा वाक्प्रचार मुलांना सर्वांत कोड्यात टाकतो आणि शिक्षकांनाही. धारण म्हणजे धान्याचा भाव. आज आपण एका किलोस इतके रुपये असा भाव सांगतो. पूर्वी रुपयास इतके शेर किंवा इतक्या पायल्या असे सांगत. त्यामुळे आकडा जितका लहान तितकी महागाई मोठी, हे आधी फळ्यावर उदाहरण देऊन समजवावे लागते. स्वस्ताईच्या काळात रुपयास धान्य भरपूर मिळे; ते घटत घटत पाचावर येऊन बसले म्हणजे दुष्काळ दारात उभा राहिला, आणि घरातील कर्त्या माणसाची जी अवस्था झाली तिच्यावरून हा प्रयोग रूढ झाला, असा त्याचा अर्थ लावतात. १९५६ सालच्या वजनमापांच्या कायद्यानंतर शेर-पायली हळूहळू व्यवहारातून गेली, तरी वाक्प्रचार राहिला. ज्यांच्या घरी १९७२ च्या दुष्काळाची आठवण असलेली आजी-आजोबा मंडळी आहेत त्या मुलांनी त्यांना या शब्दाविषयी विचारून यावे. हा गृहपाठ मी दोनदा दिला आहे. दोन्ही वेळा मुले धारणेविषयी थोडे आणि सुकडीविषयी, खडी फोडण्याविषयी पुष्कळ ऐकून आली.

आता तो प्रसंग. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांना महापूर आला आणि सांगली-कोल्हापूरकडील नदीकाठची गावे कित्येक दिवस पाण्यात राहिली. मी त्या वेळी तशाच एका गावच्या शाळेत सहावीस मराठी शिकवीत होतो. शाळा पुन्हा सुरळीत झाल्यावर सहामाही परीक्षेत "माझ्यावर आलेला एक भीतिदायक प्रसंग" हा निबंध मी घातला. मुलांपाशी सांगण्यासारखे पुष्कळ असेल, हा हेतू.

एका हुशार मुलाने दोन पाने लिहिली. तो गर्भगळित झाला होता, त्याच्या पाचावर धारण बसली होती, तोंडचे पाणी पळाले होते, बोबडी वळली होती आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले होते. अक्षर सुंदर. त्याला मी दहापैकी नऊ गुण दिले. तो पुराच्या दिवसांत मामाच्या गावी, कोरड्या जागी होता, हे मला ठाऊक होते. पण निबंध कल्पनेनेही लिहिता येतो.

एका मुलीने दहा-अकरा ओळीच लिहिल्या होत्या. पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीवर आले. आजी पायऱ्या मोजत होती. बाबा म्हैस सोडायला गेले. म्हैस ओरडत होती, मग नाही ओरडली. बाबा वर आले. मी काही बोलले नाही. आम्ही माळ्यावर बसलो. सकाळी नाव आली. असा साधारण तो मजकूर होता. मी तिला चार गुण दिले आणि खाली लाल शाईने शेरा लिहिला: "वाक्प्रचारांचा वापर करावा."

वह्या टेबलावर होत्या. माझ्या एका सहशिक्षिका बाईंनी सहज म्हणून ती वही उचलली, वाचली, आणि मला म्हणाल्या, "गुरुजी, हिने म्हैस ओरडत होती, मग नाही ओरडली असं लिहिलंय. ते वाचलंत का तुम्ही?" मी वाचले होते, परंतु वाचले नव्हते. त्या एका वाक्यात बाप पाण्यात उतरला आहे, अंधार आहे, जनावराचा आवाज थांबला आहे, आणि बापाचा आवाज अद्याप आलेला नाही. ती मुलगी स्वतःला गर्भगळित म्हणत नव्हती, कारण ती त्या माळ्यावर होती. गुणपत्रक तोवर भरून गेले होते. मी ते नंतर दुरुस्त करवून घेतले, त्यासाठी मुख्याध्यापकांची सही लागली, आणि कारण काय लिहावे हा प्रश्न आम्हां दोघांनाही पडला. अखेर "तपासनीसाची चूक" असे लिहिले. शेरा मात्र वहीत तसाच राहिला. लाल शाई खोडता येत नाही.

त्या वर्षापासून मी निबंध तपासण्याची रीत थोडी बदलली. वाक्प्रचारासाठी वेगळा गुण ठेवीत नाही. भीतीविषयक शब्द शिकविण्याआधी मुलांना एकदा घरच्या बोलीत बोलू देतो: "मला भ्या वाटलं", कोठे "भेव लागते", कोठे नुसतेच "पोटात कसंतरी झालं". यांतील एकही शब्द मी अशुद्ध म्हणून पुसत नाही. सारे फळ्यावर लिहून झाल्यावर मग पुस्तकातील शब्द त्यांच्याशेजारी मांडतो आणि कोणता कोणाच्या जवळ बसतो हे मुलांनाच ठरवू देतो. "पोटात कसंतरी झालं" हे गर्भगळितपासून दूर आणि धास्तीच्या जवळ आहे, असा निर्णय एका वर्षी पाचवीच्या मुलांनी बराच वाद घालून दिला. मला तो मान्य आहे.

या कामाचा दुसराही एक उपयोग आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याच्या १७ व्या कलमाने मुलास शारीरिक शिक्षा करणे अथवा मानसिक त्रास देणे यांस मनाई केली आहे. छडी पुष्कळ ठिकाणी गेली. परंतु मुलाला शाळेत, वाटेत वा घरी कशाची भीती वाटते हे कळण्यास कलम पुरे पडत नाही, त्याने ते सांगावे लागते. आणि ज्याच्यापाशी धाक, धास्ती, धसका आणि दहशत यांतील फरक आहे तो मुलगा "मला त्या वाटेने यायची भीती वाटते" यापेक्षा नेमके काही सांगू शकतो. धाकाची तक्रार नसते. दहशतीची असते. आपल्या वर्गात कोणी "दहशत" हा शब्द एखाद्या माणसाविषयी वापरला, तर तो वाक्यात उपयोग म्हणून सोडून देऊ नये, तास संपल्यावर त्या मुलाशी एकांतात बोलावे.

शेवटी लेखनाविषयी. गर्भगळित आणि गर्भगळीत अशी दोन्ही रूपे छापलेली आढळतात. मराठीत अकारान्त शब्दाचे उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहावयाचे आणि तत्सम शब्दांत ते मुळाप्रमाणे ठेवावयाचे, असा शुद्धलेखनाचा नियम आहे. गळीत हंगामातील गळीत हा मराठी वळणाचा शब्द म्हणून दीर्घ; गर्भगळितमध्ये संस्कृत गलित डोळ्यांसमोर ठेवले तर ऱ्हस्व. या लेखात ऱ्हस्व रूप घेतले आहे. मुलाने दीर्घ लिहिले तर गुण कापू नयेत, परंतु एकाच वहीत दोन्ही रूपे आली तर दाखवून द्यावे. उच्चारताना "गर्भ" आणि "गळित" यांमध्ये थांबू नये, हेही वाचनाच्या तासाला सांगावे लागते; मुले तेथे हटकून थांबतात.